चंद्रावर हवा नसते

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही, देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून उठत आले. तुम्ही कोण आहात हे मला माहीत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासून तसंच आहे. बुजरी पोरगी, बुजरी सून. पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, अमरावतीला. पुढं शिकवायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. आईचे गुडघे धरले, घरात धाकटे भाऊ होते, आणि एक दिवस मी शाळेत गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. तेवढंच.

पण मला सिनेमे आवडायचे. त्यातही एका जातीचे — ज्यात शास्त्रज्ञ असतो, काचेच्या नळ्या असतात, नळ्यांतून धूर निघतो आणि जगात नसलेली गोष्ट घडते. सासू-सुनेचे, देवादिकांचे सिनेमे इतर बायका पाहायच्या. त्यांत मला नवल वाटायचं नाही. सासू-सून मी घरीच पाहत होते, नाही का?

पहिला तसा सिनेमा मावशीबरोबर तंबूत पाहिला. लोखंडाचा माणूस होता. शास्त्रज्ञानं घरकामाला बनवलेला. तो पाणी भरायचा, धुणं धुवायचा, आणि शेवटी मालकाची मुलगी सासरी जाते तेव्हा त्याच्या डोळ्यांतून काळं तेल गळतं. घरी आले तर आई खाटेवर जागी. म्हणाली, सांग व मले, काय होतं त्या सिनेमात. आणि मी सांगितलं. सगळं. लोखंडी माणसाची चाल, त्याच्या पायांचा आवाज, तेलाचा थेंब गालावरून कसा ओघळला ते. सांगताना मी अडखळले नाही. आई रडली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की सिनेमा सांगताना माझी जीभ मोकळी होते. स्वतःचं काही बोलायचं नसतं ना त्यात.

लग्न होऊन अकोल्याला आले. यांचं काम जिनिंग फॅक्टरीत, यंत्रावर. घरात सासूबाई आणि नणंद — विमल. मी आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. मला वयनी वयनी करत मागं मागं फिरायची. केस मीच विंचरायचे तिचे. हे मुद्दाम लिहिते. तिच्याबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून काही वाकडं होतं असं तुम्हाला वाटू नये. नव्हतं.

आमच्या गल्लीत एक रीत होती. घरातल्या सगळ्या बायकांनी एकदम सिनेमाला जायचं नाही — चूल कोण पाहणार? प्रत्येक घरातून एखादी जायची, आणि आलेलीनं मागं राहिलेल्यांना सिनेमा सांगायचा. दुपारी, ओसरीवर, हातानं काम चाललेलं असताना. डाळ निवडताना, मुंगवड्या घालताना. काहीजणी दोन वाक्यांत आटपायच्या — हिरो गरीब, बाप नाही म्हणाला, मग हो म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी सांगायला लागले, आणि पाट्यावरच्या वरवंट्याचा आवाज थांबला. त्यानंतर गल्लीनंच ठरवलं. सिनेमाला कुणीही जावो, सुमन गेली पाहिजे. माझ्या तिकिटाचे पैसे बायका आपसांत काढायच्या. गोदाकाकू, आमच्या शेजारच्या, सासूबाईंकडं येऊन म्हणायच्या, "जाऊ द्या वो सुनेले. थे पाह्यन तवाच तर आमी पाहू."

घरात मला कुणी मत विचारत नव्हतं. भाजी कुठली करायची हेसुद्धा नाही. पण त्या ओसरीवर — काय सांगू तुम्हाला. बायका माझ्या तोंडाकडं पाहायच्या. मी थांबले की त्या थांबायच्या.

आता एक गोष्ट कबूल करते, ती लहान आहे. मी सिनेमात नसलेलंही सांगायचे. सुरुवातीला थोडं. मग जास्त. जिथं सिनेमा कमी पडायचा तिथं मी माझं घालायचे. कुणाला कळणार होतं?

विमल मोठी होत गेली. हुशार. मुलींच्या शाळेत नववीत होती, आणि शास्त्राच्या बाईंची फार लाडकी. त्या बाई एकट्या राहायच्या, घरात पुस्तकंच पुस्तकं. त्यांच्याकडून विमल पुस्तकं आणायची. विज्ञानाच्या गोष्टी. कपड्यांच्या ट्रंकेवर ठेवायची, आणि घर दुपारचं झोपलं की मीही वाचायचे. हळूहळू, ओळीवर बोट ठेवून. एक पुस्तक माझ्या डोक्यातून अजून जात नाही. काळाच्या पुढं जाणाऱ्या यंत्रात बसून एक माणूस जातो, आणि त्याला त्याचं स्वतःचं घर सापडतं. घर तेच, दार तेच, आत माणसंही आहेत, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. ना पणतवंडांना, ना गावाला. बस, एवढीच गोष्ट. असाच एक सिनेमाही मी पाहिला होता, उलट्या फिरणाऱ्या घड्याळाचा. त्यात हिरो मागं जातो, राजाच्या दरबारात, आणि तिथं नाच. पुस्तकासमोर तो सिनेमा पोरखेळ वाटला. पुस्तकात कुणी नाचलं नाही, कुणी रडलं नाही, तरी मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

लोखंडी माणसाचं मात्र उलटं. त्याची गोष्ट विमलच्या एका पुस्तकात होती. तिथं तो रडत नाही. पावसात उभा राहून गंजतो. लेखकानं गंज कसा चढतो ते समजावून सांगितलं होतं. विमल म्हणाली, हेच खरं आहे वयनी, लोखंडाला रडू कसं येईन? मला तेलाचा तो थेंबच आवडत होता. आम्ही दोघी यावर वाद घालायचो, हसायचो. मी त्या घरात वाद फक्त तिच्याशीच घातला.

मग चंद्राचा सिनेमा आला.

विमलची परीक्षा झाली होती. सुट्टी लागली होती. ती हट्ट करून माझ्याबरोबर आली — तिनं चंद्रावरचं पुस्तक नुकतंच वाचलं होतं. आमच्या त्या टॉकीजमध्ये बायकांच्या जागेला कापडाचा आडपडदा होता. दिवे असेपर्यंत ओढलेला, अंधार झाला की बाजूला सरकवायचे. पलीकडं पुरुष. सिनेमात अग्निबाण सुटला, चंद्रावर उतरला, आणि तिथं राणी. चांदीची वस्त्रं घातलेल्या दासी. राणी गाऊ लागली, आणि विमल हसली. मोठ्यानं. तिला आवरेना.

"हवाच नाही चंद्रावर! गानं ऐकू कसं येऊन राह्यलं?"

पलीकडून एक पोरगा बोलला, "मंग तं राणी केव्हाचीच मेली असंन!"

"मेलीच हाय! भूत गाऊन राह्यलं!"

सगळं टॉकीज हसलं. मी पदरात तोंड लपवलं. सुटल्यावर बाहेर तो पोरगा शेंगावाल्याच्या गाडीजवळ उभा होता. कॉलेजातला असावा, हातात सायकल. म्हणाला, बाई, तुमी वाचलं का कुठं हे? विमलनं पुस्तकाचं नाव सांगितलं. तो बरं म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. मी शेजारी उभी होते. मी पाहिलं, मी ऐकलं. एवढंच झालं. त्याआधी ती त्याला कधी भेटली नव्हती, त्यानंतरही कधी भेटली नाही. हे जगात फक्त दोघींना माहीत होतं. तिला आणि मला.

त्यानंतर आठवड्यानं कुरडयांचा घाट घातला. गव्हाचा चीक शिजत होता, गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या ओसरीवर. सांग म्हणाल्या. मी सांगायला लागले, चंद्र. आणि तो मी जितका चांगला सांगितला तितका कुठलाच सिनेमा आधी सांगितला नव्हता. सिनेमात शेवटी राणी हात हलवून निरोप देते, बाकी काही नाही. मला ते पुरलं नव्हतं. मी सांगितलं — पृथ्वीचा माणूस निघाला, त्याला काहीतरी द्यायचं म्हणून राणीनं इकडंतिकडं पाहिलं. चंद्रावर झाड नाही, फूल नाही. तिच्याजवळ होती फक्त तिची सावली. ती तिनं पायांपासून सोडवली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

गोदाकाकूंच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. "व माय," त्या म्हणाल्या, "मंग थे बिनासावलीची राह्यली?"

कुणीतरी डोळे पुसले. खरंच पुसले. आणि विमल दारात येऊन उभी राहिली.

"वयनी, असं कुठं होतं सिनेमात?"

मी चीक ढवळायला घेतला.

"नव्हतं व काकू, काईच नव्हतं. इनं मनानं लावलं. अन् चंद्रावर हवा नाही, पानी नाही, राणी तं नाहीच नाही. हा आमच्या वयनीचा चंद्र हाय! चौथी पासवाला!"

ती वाईट बुद्धीनं बोलली नाही. तिचं ते वयच होतं. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे याचाच तिला आनंद होता. पण बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या. ज्यांनी डोळे पुसले होते त्या जास्त हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, तू सांग व विमल, पुस्तकातलं खरं काय हाय थे. आणि तिनं सांगितलं. चंद्रावर दोन माणसं जातात, डोक्यावर काचेची भांडी घालून. हवा नाही, म्हणून आवाज नाही. एक जण खड्ड्यात पडतो. तो ओरडतो, ओरडतो, आणि दुसरा त्याच्याकडं पाठ करून पुढं चालत राहतो. कारण त्याला ऐकूच येत नाही.

चीक करपायला लागला तरी कुणी हललं नाही. तिचं सांगणं चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला ते तेव्हाच कळलं, आणि तेच मला सोसलं नाही.

त्या दिवसापासून मी गल्लीत गंमत झाले. नळावर गेले की, "काहो सुमन, तुमच्या चंद्रावर आज कशाची भाजी हाय?" पापड वाळत घालायला गेले की, "उनीत नको उभी राहू व, सावली कोनाले देशीन." पुढचा सिनेमा आला तेव्हा माझ्या तिकिटाला कुणी पैसे काढले नाहीत. विमलला विचारलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? तुमच्याजवळ दुसरं काही असेल तर ती एवढीशीच आहे. माझ्याजवळ तेवढंच होतं.

आणि मग गोदाकाकूंनी सासूबाईंना सांगितलं. टॉकीजमधलं, शेंगावाल्याजवळचं. गल्लीतल्याच कुणीतरी पाहिलं होतं. सासूबाई घरी आल्या आणि मला विचारलं, कारण मी बरोबर होते.

इथं मी इतकी वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आले. ती अशी — मी गप्प राहिले. मला बोलता आलं नाही, बुजरी ना मी. सासूबाईंनी विचारलं, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि त्यांनी वाटेल तो अर्थ काढला. मनात इतक्या वेळा सांगितलं की माझा मलाच तो सिनेमा खरा वाटू लागला.

नाही. थांबा. तसं नव्हतं.

मी ज्वारीच्या भाकरी थापत होते. सासूबाई दाराशी बसून अंबाडीची पानं खुडत होत्या. विमल नळावर गेली होती. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "थो पोट्टा कोन हाय?"

मी म्हणू शकले असते — कुणी नाही. एकदा बोलला, गेला. एका श्वासात संपलं असतं. सासूबाई कडक होत्या, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. मी खोटं बोलत नाही, हे त्या शेजारणींना सांगायच्या.

मी म्हणाले, "इची पुस्तकं तोच देते, आई."

एवढंच वाक्य.

मला ती पुस्तकं कुणाची हे माहीत होतं. सुट्टी लागली त्या दिवशी ती आणायला मीच बरोबर गेले होते, शास्त्राच्या बाईंच्या घरी — पोरीला एकटीला सासूबाई कुठं पाठवत नव्हत्या; बाजाराला निघालो होतो, वाटेत बाईंकडं गेलो हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी मला सरबत दिलं होतं. विचारलं होतं, तुम्हीही वाचता का? मी मान हलवून नाही म्हटलं होतं.

पोरगा नुसता बोलला, एवढंच मी सांगितलं असतं तर विमलला रट्टा बसला असता, सिनेमा बंद झाला असता, आणि जूनमध्ये ती दहावीत गेली असती. मला हे कळत होतं. पण पुस्तकं त्याची — म्हणजे हे किती दिवस चाललं आहे? म्हणजे शाळेच्या नावाखाली काय चाललं आहे? मला सिनेमा सांगता येत होता. कुठं काय घातलं की बायका रडतात हे मला माहीत होतं. कुठं काय घातलं की आई घाबरते, हेही माहीत होतं.

विमल नळावरून आली तेव्हा पुस्तकं चुलीत होती. माझ्याच चुलीत, माझ्या तव्याखाली. तिनं घागर टाकली.

"आई, बाईची हायेत थे पुस्तकं! बाईची!"

"कोन्या बाईची व? मले सगळं समजलं हाय."

"चाल ना मंग बाईले विचारू! आता चाल!"

तिथंच ते उघडं पडायचं. पण सासूबाई उठल्या नाहीत. विचारायला जायचं म्हणजे, आमच्या पोरीबद्दल असं असं ऐकलं हो, हे परक्या दारात जाऊन सांगायचं. बाई काहीही म्हणोत, प्रश्नच गावभर झाला असता. आमच्यात असंच होतं. खरं काय हे शोधायला गेलं की अब्रू जाते, म्हणून कुणी शोधत नाही. वाक्य तोंडातून काढताना हेही माझ्या मनात होतं का? होतं, असं मला वाटतं.

मग विमल माझ्याकडं वळली. "वयनी, तुमी सांगा ना. तुमी होत्या ना संगं. सांगा ना वयनी."

मी भाकरी उलटली.

पुढचं भराभर झालं. सासूबाईंनी माझं नाव कुठंच घेतलं नाही. सून घरात राहायची होती, पोरगी जायची होती — दोघींत कायमचं वैर नको, एवढा विचार त्यांनी केला असेल. यांना त्यांनी रात्री काय सांगितलं मला माहीत नाही. हे सकाळी शाळेच्या कचेरीत जाऊन नाव काढून आले. पातूरचं स्थळ आलं, पिठाची गिरणी असलेलं. मुलगा वयानं मोठा, पहिली बायको वारलेली. मुलगा वाईट नाही, असं सगळे म्हणाले. वाईट नव्हताही.

शाळा उघडली आणि विमलचं नाव काढल्याचं कळलं म्हणून शास्त्राच्या बाई आमच्या घरी आल्या. विमलला आतल्या खोलीत ठेवलं होतं. सासूबाईंनी त्यांना दारातच सांगितलं, लग्न ठरलं. बाई उंबऱ्याशीच उभ्या होत्या. ती शास्त्राला गेली असती, एवढं म्हणाल्या. मग जाताना वळल्या. "माझी पुस्तकं आहेत तिच्याकडे. परत नको म्हणावं. तिलाच राहू द्या."

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं होतं. फुलपात्र माझ्या हातातच राहिलं.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मला वाटलं, आता. आता मारतील, आता ओरडतील, आता यांना हाक मारतील. मला ते हवं होतं का? कुणास ठाऊक.

"आता बोलून काय होते," त्या म्हणाल्या. "सुपारी फुटली."

आणि आत गेल्या. त्यानंतर त्या मरेपर्यंत आमच्यात हा विषय निघाला नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं, आणि आल्यागेल्याजवळ त्या माझं कौतुक करायच्या. फक्त आम्ही दोघीच घरात असलो की त्या डोळे मिटून पडून राहायच्या.

विमल पातूरला गेली. मी सिनेमे पाहायचे सोडले नाहीत. सोडले असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खोटं होईल. तिचं लग्न झाल्यावर गल्लीला सिनेमा सांगायला पुन्हा मीच उरले. बायका वर्षभरात चंद्र विसरल्या. माझी जागा मला परत मिळाली, आणि मी तिथं बसले. उडत्या तबकडीचा एक सिनेमा आला होता, तो तर मी अमरावतीला माहेरी जाऊन पुन्हा पाहिला आणि दोन्हीकडं सांगितला. पुस्तकं मात्र नाही. पुस्तकं आणणारंच कुणी घरात नव्हतं.

मधे विमल सणाला यायची. केसांच्या मुळाशी पीठ बसलेलं असायचं. न्हायली तरी जायचं नाही. हसायची, पण आवाज न करता. दोन मुलं झाली. वाचायला काही मिळतं का, असं मी तिला कधी विचारलं नाही.

यंदा माणसं चंद्रावर उतरली. खरोखरची. त्याच दिवसांत मी पातूरला गेले होते, तिच्या मुलीला ताप येत होता म्हणून. शेजाऱ्याच्या रेडिओवर बातम्या लागायच्या. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला, धूसर, काळा-पांढरा. डोक्यावर काचेचं भांडं. विमलनं तो माझ्यापुढं धरला, आणि पहिल्यांदा मला तिचा जुना आवाज ऐकू आला. "पाह्यलं का वयनी? राणी नाही!"

मी हसले. काय करणार होते?

संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो होतो. गिरणी बंद झाली होती. मुलीचा ताप उतरला होता. ती पलीकडं झोपली होती. चौथीत आहे ती. तिचा बाप म्हणतो, पुरे आता. विमल त्याच्याशी भांडते आहे. माझ्याशी बोलताना तिचे डोळे पोरीवरच होते. म्हणाली, हिला शिकवीन. मग म्हणाली —

"त्या घरात माह्या बाजूची एक तुमीच होत्या, वयनी. मले मालूम हाय. गोदाकाकूनं आग लावली. तुमी बोलल्या असत्या, पन तुमी आईले भेल्या. तुमचा सोभावच तसा. मी तुमचा राग कदी धरला नाही."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता. पिठानं खरबरीत झालेला.

मी म्हणाले, "हो. भेली मी."

तिनं मान हलवली, आणि चूल पेटवायला उठली. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी पुरणाचा स्वयंपाक केला. मी जेवले.

मी भ्याले नव्हते. तव्यावर भाकरी होती, सासूबाई पानं खुडत होत्या, आणि ते वाक्य बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही.